दाखला उद्या मिळेल

हेमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या बाजारात किडक्या वांग्यांवरून भाजीवालीशी हुज्जत घालत उभा होतो. फोन आमच्या कॉलेजच्या ऑफिसातून होता. "सर, हेमाताई गेल्या. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि भाजीवालीला म्हणालो, "हे वांगं बदलून दे." तिने बदलून दिलं. पिशवी घेऊन दहा-बारा पावलं गेलो आणि मग पाय जागचे हलेनात... माझं हे असं जुनंच आहे. कुठलीही गोष्ट मला आधी ऐकू येते आणि फार उशिरा कळते. हेमाताई यावरून माझी यथेच्छ टिंगल करायच्या. "सरांना सांगायचं तर आठवडाभर आधी सांगा रे," असं अख्ख्या स्टाफरूमसमोर म्हणायच्या. मला राग यायचा, आणि खरं असल्यामुळे जास्तच यायचा.

रिक्षा करून घिवलीला पोचलो तेव्हा त्यांच्या दारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. गावातली माणसं असणार हे धरून चाललो होतो, पण ही गर्दी वेगळी होती. कुणी एमआयडीसीतली पहिली पाळी अर्धी टाकून कंपनीच्या निळ्या शर्टातच आलेलं, कुणी तान्हं मूल कडेवर घेऊन डहाणूहून. एक तलाठी होता, दोघी नर्स होत्या. हेमाताईंचा मुलगा नितीन मासेमारीच्या बोटीवर असतो. त्याने मला बाजूला घेतलं. "सर, ही एवडी माणसं कोण हायत? आईनं कदी सांगितलंच नाय." त्याने निळ्या शर्टवाल्याला विचारलंही होतं, तर तो म्हणाला, "मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा बाईंनी मला दाखला दिला नव्हता." शेजारची नर्स म्हणाली, "मलाही नव्हता दिला." नितीन बिचारा पार चक्रावला. ऑफिसातल्या क्लार्कने काम केलं नाही तर लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात, त्याच्या मयतीला रजा टाकून येत नाहीत. त्या दिवशी ओट्यावर बसून मी त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आमचं कॉलेज पालघर आणि बोईसरच्या मधलं. एका बाजूने अणुवीज प्रकल्पाच्या वसाहतीतली मुलं येतात. त्यांच्या घरी भाऊ, बहीण, शेजारी सगळे इंजिनिअर, आणि हा एकटाच साध्या बी.एस्सी.ला, म्हणून घरात कुणी धड बोलत नाही. दुसऱ्या बाजूने एमआयडीसीलगतच्या भाड्याच्या खोल्यांमधली मुलं येतात, त्यातली निम्मी कंपनीत पाळी करून वर्गात डुलक्या काढतात. आणि तिसरी, मनोर-विक्रमगडकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आलेली, वसतिगृहात राहणारी, कॉलेजात आलेली घरातली नव्हे तर गावातलीच पहिली. या सगळ्यांसाठी ऑफिसची एकच खिडकी, आणि खिडकीत हेमाताई. बोनाफाईड, परीक्षेचा फॉर्म, रेल्वेच्या पासाचं पत्र आणि दाखला, म्हणजे कॉलेज सोडल्याचं प्रमाणपत्र, सगळं त्यांच्या हातून जायचं. कामाला वीज होत्या. इतर कॉलेजांत दाखल्याला आठवडा लागतो, आमच्याकडे दहा मिनिटांत मिळतो, असं त्या छाती पुढे काढून सांगायच्या. मी सोलापूरकडून नवा नवा गणित शिकवायला आलो होतो तेव्हा मलाही त्यांनी हे सांगितलं होतं.

त्या दहा मिनिटांनीच घात केला. एका मुलाने वर्षाच्या मध्यावर दाखला मागितला. त्यांनी काढला, सही आणली, शिक्का मारला, दिला. तीन आठवड्यांनी त्याचे वडील खिडकीशी आले. डाईंगच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. पोराची हजेरी किती भरली एवढंच त्यांना विचारायचं होतं. हेमाताई म्हणाल्या, "त्याने तर कॉलेज सोडलं." वडील हसले. म्हणाले, "छे हो, रोज डबा घेऊन निघतो की." हेमाताईंनी दाखल्याची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. मुलगा संध्याकाळच्या आत सापडला. वैतरणा स्टेशनच्या बाकावर बसलेला होता, डबा मांडीवर, न उघडलेला. तीन आठवडे रोज तो तिथे जाऊन बसत होता आणि कॉलेज सुटायच्या वेळेला घरी परतत होता. तो वाचला, घरी गेला, पण पुन्हा शिकायला आला नाही. हेमाताई त्यानंतर कित्येक दिवस मान खाली घालून काम करत होत्या. मला एकदाच म्हणाल्या, "सर, तो माझ्यासमोर दहा मिनिटं उभा होता. मी त्याच्या तोंडाकडे नाय बघितलं, घड्याळाकडे बघितलं."

आणि मग या बाईने काय करावं? सरकारी-निमसरकारी ऑफिसातली लोकांना सगळ्यात नकोशी जी सवय, ती मुद्दाम लावून घेतली. "आज होणार नाय. उद्या ये." सही नाही, साहेब मीटिंगला गेलेत, शिक्का सापडत नाही, वाट्टेल ते सांगायच्या. अर्ज हातात आला की आधी विचारायच्या, "दाखला कशाला हवा?" मुलाने सांगितलं की नर्सिंगला लागलंय, आयटीआयला जातोय, बापाची बदली झालीय, तर त्याच दिवशी दाखला, तोही दहा मिनिटांत. पण मूल जर "असंच" म्हणालं, किंवा अर्जातल्या कारणाच्या रकान्यात नुसतं 'वैयक्तिक' लिहून आलं, तर उद्या. आणि उद्यापर्यंत नुसतं पाठवायचं नाही. "आत ये, जरा हे गठ्ठे लावायला मदत कर," म्हणून आत घ्यायचं, डब्यातली सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे करायची, आणि गप्प बसायचं. सुकटीच्या वासावरून मी तीनदा तक्रार केली होती, तिन्ही वेळा माझ्याच अर्जावर त्यांनी 'उद्या' असा शेरा मारून तो परत पाठवला.

त्या काही संत वगैरे नव्हत्या. जिभेला हाड नव्हतं. एका मुलीला खरोखरच दुसरीकडे प्रवेश मिळाला होता, तिला घाबरून ते नीट सांगता आलं नाही, आणि हेमाताईंच्या 'उद्या'पायी तिचा प्रवेश जाता जाता राहिला. तिच्या आईने खिडकीत येऊन असा काही उद्धार केला की सगळा व्हरांडा गोळा झाला. हेमाताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी स्वतः त्या दुसऱ्या कॉलेजात दाखला पोचवून आल्या. तेव्हापासून घाबरट मुलांना त्या दोनदा विचारायच्या.

आता माझ्याकडे येतो. यायलाच हवं, कारण ते टाळायला मी बरीच वर्षं घालवली आहेत. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन कक्ष हवा. प्राचार्यांनी मला समन्वयक केलं, कारण माझं मसुदालेखन चांगलं. व्हरांड्याच्या टोकाची खोली रंगवली, दारावर मोठी पाटी लावली, आठवड्यातून दोनदा पालघरहून समुपदेशक मॅडम यायला लागल्या. मॅडम यायच्या, खुर्चीत बसायच्या, आणि जायच्या. एक मूल फिरकलं नाही. मला वाटलं, मुलांना माहितीच नसेल. मी वर्गशिक्षकांना प्रश्नावली दिली. कोण गैरहजर राहतं, कोण मागे पडलंय, कोण वर्गात रडलंय. उत्तरं नीट तपासली, एकोणीस विद्यार्थी निवडले, आणि आमच्या कॉलेजात जे प्रत्येक गोष्टीचं करतात तेच केलं. नोटीस लावली. 'खालील विद्यार्थ्यांनी मानसिक समुपदेशनासाठी न चुकता उपस्थित राहावे.' खाली वर्गवार, क्रमवार रोल नंबर. एक काना-मात्रेची चूक नव्हती. काचेच्या फलकात ती लागलेली बघून मला समाधान वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी फलकापुढे परीक्षेच्या निकालाला असते तशी झुंबड. पोरं नंबर शोधत होती, नावं काढत होती, हाका मारत होती. कंपनीत पाळी करणारा एक मुलगा माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाला, "सर, पापा को मत बोलना, वो मुझे गाँव भेज देंगे." यादीतले निम्मे दोन दिवसांत कॉलेजात दिसेनासे झाले. हेमाताई तेव्हा दोन दिवस विद्यापीठात कामाला गेल्या होत्या. परत आल्या, फलक बघितला, ऑफिसातून किल्ली आणली, सगळ्यांदेखत काच सरकवून नोटीस काढली आणि स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर ठेवली.

"सर, हे काय केलंत?"

"नियमाप्रमाणे सूचना फलकावर—"

"नियम घाला चुलीत. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर दारावर पाटी लावाल?"

मला ऐकू आलं होतं, कळायचं होतं.

त्याच दुपारी शिपाई बोलवायला आला. "बाई म्हणतात, गाडीची चावी घेऊन या, आणि काही बोलू नका." ऑफिसात आतल्या कपाटांच्या मागे एक मुलगी बसली होती. तिला मी इथे रंजना म्हणतो, हे नाव खरं नाही, आणि हे सगळं तिच्या परवानगीने लिहितोय. तिसऱ्या वर्षाला होती, विज्ञान शाखेत, वसतिगृहात राहायची, आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जायचे. माझ्या वर्गात दोन वर्षं बसली होती आणि मला तिचा चेहरा आठवत नव्हता. दाखल्याचा अर्ज टेबलावर होता. कारण : वैयक्तिक. मी कपाटापाशी थांबलो. हेमाताई तिच्यासमोर बसल्या होत्या, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. मला पाच मिनिटंसुद्धा तशी शांतता सहन होत नाही, पण बोलू नका म्हणून सांगितलेलं. बऱ्याच वेळाने हेमाताईंनी विचारलं, अगदी भाजी कशाची केलीस असं विचारावं तसं, "बाय, जीव नकोसा झालाय का तुला?"

असं सरळ विचारतात का? नसलेलं डोक्यात घालाल! मी पुढे होणार, इतक्यात ती मुलगी म्हणाली, "हाय." आणि मग, "कालपासून जास्त हाय." आणि मग ती अशी रडली की खिडकीबाहेरच्या रांगेतली मुलं आपोआप चार पावलं मागे सरकली.

हेमाताईंनी तिला एक क्षण एकटं सोडलं नाही. खिडकी बंद केली. चालू ऑफिसात ती खिडकी बंद झालेली मी प्रथमच पाहिली. मी गाडी चालवली, त्या दोघी मागे बसल्या, आणि आम्ही पालघरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर नंतर मला म्हणाले की बाईंनी सरळ विचारलं तेच बरोबर केलं, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. तीन दिवस रंजना हेमाताईंच्या घरी घिवलीला राहिली. तिसऱ्या दिवशी आई भट्टीवरून आली, विटांच्या धुळीनेच माखलेली. ऑफिसात उभी राहून हेमाताईंना म्हणाली, "कालेज ऱ्हाऊ दे बाई. पोर ऱ्हायली पायजे." हेमाताई म्हणाल्या, "पोर ऱ्हाईल. कालेज बी ऱ्हाईल. घाई नको." रंजनाने ते वर्ष सोडलं, औषधं घेतली, मॅडमशी बोलत राहिली आणि पुढच्या वर्षी परत आली. दाखल्याचा तो अर्ज हेमाताईंनी तिलाच फाडायला दिला.

माझं मात्र व्हायचं ते झालं. "नोटीस वाचून आली होती ती," एवढंच हेमाताई मला गाडीतून उतरताना म्हणाल्या होत्या. माझ्या यादीने एक मुलगी मरणाच्या दारात नेऊन ठेवली, हे मला यावेळी मात्र लगेच कळलं. पुढे मी ते हेमाताईंना कितीतरी वेळा बोलून दाखवलं. त्या वैतागायच्या. "मला काय सांगता? माफी मागायची तर तिच्यासमोर मागा. ती काय चंद्रावर राहते?" रंजना पुढे वर्षभर रोज माझ्या तासाला पहिल्या बाकावर होती. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, आश्रमशाळेत शिक्षिका झाली, पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला. तिला म्हणालो, "छान." माफीचं राहूनच गेलं.

त्यानंतर आमच्याकडे काय काय बदललं ते सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो, आणि त्यात माझं श्रेय जवळजवळ नाही म्हणून निःसंकोच सांगतो. हेमाताईंनी व्हरांड्यातली ती पाटी उतरवायला लावली आणि समुपदेशक मॅडमना ऑफिसात कपाटांच्या मागे बसवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्या खोलीत शिरलेलं पोर सगळ्यांना दिसतं. ऑफिसात तर सगळेच येतात, कोण कशाला आलंय कोण विचारतो? महिन्याभरात मॅडमना जेवायला वेळ मिळेना. पाळी करणाऱ्या मुलांसाठी वेळ सकाळी आठची झाली. वसतिगृहातली मुलं सणाला घरी जाऊन परतली की हेमाताई एकेकाला फॉर्ममध्ये काहीतरी चूक आहे म्हणून बोलवायच्या आणि बघून घ्यायच्या. शिपायांना, ग्रंथालयातल्या माणसांना, कँटीनवाल्याला त्यांनी शिकवलं की काय बघायचं आणि काय बोलायचं नाही. विद्यापीठाची समिती तपासणीला आली तेव्हा लाभार्थ्यांची नोंदवही मागितली. हेमाताई म्हणाल्या, नोंदवही नाही. समितीतले गृहस्थ म्हणाले, मग काम झालं कशावरून? हेमाताई म्हणाल्या, "साहेब, नाव लिहायला लागले तर पोर येणार नाय. तुम्ही आज दुपारपर्यंत माझ्या शेजारी बसा." ते बसले. दुपारी जाताना त्यांनी शेरा काय लिहिला ते मला आठवत नाही, पण त्यांनी जाताना हेमाताईंना वाकून नमस्कार केलेला मी पाहिला आहे.

त्या निवृत्त झाल्या तरी मंगळवारी यायच्या. मीही निवृत्त झालो होतो, पण मंगळवारी मला काही ना काही काम निघायचंच. खिडकीत आता प्रज्ञा नावाची तरुण मुलगी आहे. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन झालाय, बटण दाबलं की निघतो. प्रज्ञाने संगणकवाल्याला सांगून त्यातला कारणाचा रकाना सक्तीचा करून घेतला, आणि 'वैयक्तिक' लिहिलेला अर्ज तिच्या पडद्यावर अडतो. मुलाला संदेश जातो की ऑफिसात येऊन भेटा, दाखला उद्या मिळेल.

गेल्या पंधरवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. हॉल भरून मुलं बाहेर उभी होती. मी भाषण लिहून नेलं होतं, काना-मात्रेसकट अचूक, आणि अर्ध्यावर घडी करून खिशात ठेवलं, कारण वाचताच येईना. सभा संपल्यावर रंजना मला जिन्याशी भेटली. साडी नेसलेली, केसांत एक-दोन पांढरे. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. म्हणालो, "रंजना, मला तुझी माफी मागायचीय. त्या यादीबद्दल. तुझा नंबर मी असा फलकावर लावायला नको होता..."

ती म्हणाली, "सर, यादीत माझा नंबर नव्हताच."

मला कळेना.

"मी तीन वेळा वाचली. आधी खालून, मग वरून. माझा नंबर कुठंच नव्हता. मला वाटलं, ज्यांना त्रास हाय ती एकोणीस जणं सरांना दिसली. मी एकटीच कुणाला दिसले नाय. मग मी दाखला घ्यायला गेले."

इतकी वर्षं मी भलत्याच चुकीचं ओझं वागवत होतो, आणि खरी चूक त्याहून मोठी होती. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसली होती, आणि मला जी एकोणीस मुलं सापडली त्यात ती नव्हती. हेमाताईंना ते माहीत होतं. म्हणूनच त्या मला सारख्या तिच्याकडे पाठवत होत्या... मी म्हणालो, "चुकलं माझं." तेवढंच म्हणता आलं. ती म्हणाली, "व्हय सर. चुकलं." मला ते बरं वाटलं. तिने "असू दे, असू दे" म्हटलं असतं तर मला घरी जाऊन झोप लागली नसती.

मी जायला वळलो. तिने हाक मारली. "सर, तुमी कसे हाय? बाई गेल्यापासून?"

"मी? मजेत. ठीक आहे सगळं."

ती काही बोलली नाही. निघालीही नाही. पर्स खांद्यावरून काढून तिने जिन्याच्या पायरीवर ठेवली, बसली, आणि माझ्यासाठी शेजारी जागा करून दिली. खाली रिक्षा उभी होती, तिच्या शाळेकडे जाणारी गाडी सुटायची वेळ झाली होती, पण तिला काही घाई दिसत नव्हती. मी बराच वेळ उभा राहिलो. मग गुडघे धरून तिच्या शेजारी बसलो, आणि म्हणालो, "मंगळवार जात नाही गं..." आणि मग सांगत गेलो.